ताटातले माप कोणाच्या हाती?

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून आईच्या संसारातली पितळी भांडी खाली उतरवली, तेव्हा त्यात वरणाच्या सहा वाट्या निघाल्या. त्या इतक्या लहान होत्या की घरातल्या मुलांना त्या देवाच्या नैवेद्याच्या वाटल्या. मी मुद्दाम पाणी भरून औषधाच्या मापाने मोजले. आईच्या वाटीत काठोकाठ 110 मिलिलिटर पाणी मावले आणि आज रोज वापरात असलेल्या आमच्या स्टीलच्या वाटीत 230. मधल्या चाळीस वर्षांत आमच्या घरात कोणीही 'आता दुप्पट वरण खायचे' असे ठरवलेले नव्हते. आईच्या काळी आम्ही एक वाटी वरण खात होतो आणि आजही एक वाटीच खातो. शब्द तोच राहिला, त्याच्या आतले माप तेवढे बदलले.

वजन वाढले की आपल्याकडे दोष खाणाऱ्याच्या जिभेला दिला जातो. डॉक्टर म्हणतात तोंडावर ताबा ठेवा, घरचे म्हणतात खादाडपणा सोडा, आणि ज्याचे वजन वाढले आहे तोही मान खाली घालून ते कबूल करतो. जिभेवर ताबा असावा हे मला मान्य आहे. परंतु जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या घरांत, लग्नांत आणि रस्त्याकडेच्या धाब्यांवर मी जे पाहतो त्यावरून माझे मत असे झाले आहे की किती खायचे हे बहुतेक वेळा जेवणारा ठरवतच नाही. ते वाटी ठरवते, वाढणारा ठरवतो, हॉटेलची हंडी ठरवते आणि तेलाचा डबा ठरवतो. जो निर्णय त्या माणसाने घेतलेलाच नाही, त्याची शिक्षा मात्र त्याच्या गुडघ्यांना आणि स्वादुपिंडाला भोगावी लागते. म्हणून ताटातले माप हा एकेकट्याच्या संयमाचा विषय न मानता सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न मानला पाहिजे, आणि लहान माप मागण्याचा अधिकार प्रत्येक जेवणाऱ्याला मिळाला पाहिजे, असे मला वाटते.

समोर जास्त वाढले की माणूस जास्त खातो, ही गोष्ट प्रयोगांनी पुन्हा पुन्हा सिद्ध झालेली आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील आहारशास्त्रज्ञ बार्बरा रोल्स यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात तीच माणसे वेगवेगळ्या दिवशी जेवायला बोलावून त्यांच्यापुढे चीज घातलेल्या मॅकरोनीचे कधी 500 ग्रॅम, तर कधी 1000 ग्रॅमपर्यंत अन्न ठेवले होते. भूक तीच, पदार्थ तोच. तरीही सर्वांत मोठ्या मापाच्या दिवशी लोकांनी सर्वांत लहान मापाच्या दिवसापेक्षा सुमारे 30 टक्के अधिक कॅलरी पोटात घातल्या. त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांना माप बदलल्याचे लक्षातही आले नव्हते. आपण म्हणू, एक दिवस जास्त झाले तर दुसऱ्या दिवशी माणूस आपोआप कमी खातो. तेही तपासले गेले आहे. त्याच संशोधकांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या प्रयोगात सलग 11 दिवस सगळेच पदार्थ दीडपट मापाने दिले, तेव्हा रोज सरासरी 423 कॅलरी जास्त खाल्ल्या गेल्या आणि अकराव्या दिवसापर्यंत हे प्रमाण खाली आले नाही. पोटाने तक्रार केली नाही, भुकेने हिशेब चुकता केला नाही. 2015 मध्ये कॉक्रेन या संस्थेने अशा 72 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला आणि मोठे वाढप, मोठे पाकीट किंवा मोठे भांडे यांमुळे माणसे जास्त खातात, असाच निष्कर्ष काढला.

यामागचे कारण फार गूढ नाही. पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचायला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात आपले अर्धेअधिक जेवण उरकलेले असते. म्हणून किती खाल्ले याचा अंदाज आपण पोटावरून कमी आणि डोळ्यांवरून जास्त घेतो. वाटी रिकामी झाली, भाकरी संपली, हंडीचा तळ दिसला, की जेवण झाले. नग संपवणे हीच आपली थांबण्याची खूण असते, मग तो नग कोणी केवढाही केलेला असो.

रोजच्या जेवणातले हे वाढलेले माप वजनात कसे उतरते, याबद्दल भलतेसलते हिशेब सांगितले जातात. रोज 100 कॅलरी जास्त खाल्ल्या तर वर्षाला चार-पाच किलो आणि दहा वर्षांत पन्नास किलो वजन वाढेल, असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण वाढलेल्या शरीराला चालवायलाही जास्त ऊर्जा लागते आणि वजन एका नव्या पातळीवर स्थिरावते. अमेरिकेतील केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये मांडलेल्या गणितानुसार रोजच्या 100 कॅलरींच्या कायमच्या वाढीने सरासरी प्रौढ माणसाचे वजन शेवटी सुमारे चार किलोने वाढते. त्यातली निम्मी वाढ पहिल्या वर्षात होते आणि उरलेली पुढच्या दोनेक वर्षांत. शंभर कॅलरी म्हणजे जेमतेम 11 ग्रॅम तेल. पोह्यांच्या फोडणीत हात थोडा सैल सुटला की एवढे तेल कढईत जाते.

आता आपल्याकडची गोष्ट. खानदेशातल्या जुन्या घरात माप हा रोजच्या व्यवहारातला शब्द होता. कोठीतून धान्य काढताना पायली, शेर, मापटे, चिपटे यांनी मोजून काढले जाई आणि दळण किती दिवस पुरायला हवे हे घरच्या कर्त्या बाईला तोंडपाठ असे. श्रावणात कानबाई या देवीच्या सणाला करायच्या रोटांसाठी आजही अनेक घरांत माणशी सव्वा मूठ गहू घेतात. तेल तर पावशेराने आणले जाई आणि पळीने घातले जाई, कारण बुधलीत फार नसेच. त्या काळाचे मी गोडवे गात नाही. त्या मापामागे टंचाई होती. 1972 च्या दुष्काळात मिलो म्हणजे परदेशी लाल ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढलेली माणसे माझ्या घरात होती, आणि पाहुण्याच्या ताटात भरभरून वाढण्याची त्यांची हौस कोठून आली होती हे मला पुरते कळते. ज्याने पोटाला चिमटा घेतला आहे त्याला भरलेले ताट हीच श्रीमंती वाटणार. परंतु टंचाई गेली, तिच्याबरोबर मापही गेले, आणि मापाच्या जागी दुसरे काहीच आले नाही.

तेलाकडेच पाहा. आज बहुतेक घरांत पंधरा किलोचा डबा येतो, नाहीतर पाच लिटरचा कॅन. मोठे पाकीट हाताशी असले की हात सैल होतो, हे कॉक्रेनच्या आढाव्यात आहेच. ते आपल्या कोणत्याही स्वयंपाकघरात उभे राहून पाहताही येते. माणशी वर्षाला 12 किलो तेल पुरेसे आहे, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे म्हणणे आहे. नीती आयोगाच्या 2024 च्या अहवालाप्रमाणे 2020-21 मध्ये देशात माणशी 19.7 किलो खाद्यतेल खपत होते. फेब्रुवारी 2025 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात' कार्यक्रमातून तेलाचा वापर 10 टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले, ते या पार्श्वभूमीवर. आवाहन योग्यच होते. परंतु आपण किती तेल वापरतो हे ज्या घराला ठाऊकच नाही, त्याने 10 टक्के कशातून वजा करायचे?

गेल्या हिवाळ्यात शेतात भरीत पार्टीचा बेत होता, तेव्हा मी हे मोजून पाहिले. पाच किलो हिरवी भरिताची वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजली, साले काढून लाकडी बडगीत ठेचली आणि फोडणीची वेळ आली तेव्हा तेल ओतणाऱ्याच्या हातातला कॅन घेऊन मी तेल आधी मापात ओतले. मिरची, लसूण, शेंगदाणे आणि खोबरे घालून फोडणी मनासारखी होईपर्यंत 700 मिलिलिटर तेल गेले. जेवणारे आम्ही दहा जण होतो. म्हणजे माणशी 70 मिलिलिटर, वजनाने सुमारे 64 ग्रॅम. त्यातून जवळजवळ 575 कॅलरी एकट्या भरिताच्या फोडणीतून गेल्या, आणि तळलेल्या पुऱ्यांचे तेल त्यात धरलेले नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत 2000 कॅलरींच्या दिवसभराच्या आहारासाठी 27 ग्रॅम तेल-तूप सुचवले आहे. आम्ही एका दुपारी सव्वादोन दिवसांचे तेल खाल्ले. वांगे बिचारे निर्दोष आहे. शंभर ग्रॅम वांग्यात पंचवीस-तीस कॅलरींच्या पलीकडे काही नसते. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि ते मिळावे असाच तो जिन्नस आहे. वर्षातून दोन पार्ट्या झाल्या तर कोणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते याचसाठी की तोच हात, तोच अंदाज आणि तीच तर्री रोजच्या भाजीत उतरली आहे. शेवभाजीची हंडी हे त्याचे नेहमीचे रूप. बेसनाची तळलेली शेव शंभर ग्रॅमला साधारण साडेपाचशे कॅलरी देते. ती तेलाच्या तवंगाखाली बुडवून दोघांना पुरेल एवढ्या हंडीत येते आणि एकटा माणूसही तीच मागवतो, कारण यादीत दुसरे माप नसते.

येथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो खोटा नाही. आमच्या बापजाद्यांनी दादर ज्वारीच्या तीन-तीन भाकरी खाल्ल्या, वर पातेलेभर वरण-बट्टी खाल्ली, त्यांना कोठे काय झाले? त्यांना काही झाले नाही, कारण ते दिवसभर नांगरामागे आणि मोटेमागे चालत होते. आजही रावेर-यावलच्या भागात केळीचे घड खांद्यावर वाहून ट्रक भरणारा मजूर किंवा कपाशी वेचायला सकाळी निघून संध्याकाळी परतणारी बाई यांना तीन भाकऱ्या लागतात, आणि त्या मिळाल्याच पाहिजेत. पण ज्याच्या शेतात ट्रॅक्टर आला, जो बांधापर्यंत मोटरसायकलने जातो, ज्याचा दिवस दुकानाच्या गल्ल्यावर किंवा शाळेच्या खुर्चीवर जातो, त्याच्या ताटातही तेवढ्याच भाकऱ्या पडतात, आणि पूर्वी सणावारी होणारी तळलेली बट्टी आता रविवारी होते. कष्ट निम्म्यावर आले, माप मात्र एक तर तेच राहिले, नाहीतर वाढले. केळी भरणाऱ्याला आणि त्या केळीचा हिशेब लिहिणाऱ्याला एकच थाळी देणारी पद्धत या दोघांपैकी एकावर अन्याय करतेच.

आता आग्रहाबद्दल लिहायला हवे, कारण आपल्याकडचे निम्मे प्रकरण तेथेच आहे. अमेरिकेत चित्रपटगृहांच्या एका साखळीत काम करणाऱ्या डेव्हिड वॉलरस्टीन नावाच्या गृहस्थांनी असे ताडले होते की लोकांना मक्याच्या लाह्यांची दुसरी पिशवी मागायची लाज वाटते, म्हणून त्यांनी एकच पिशवी मोठी केली आणि खप वाढवला. पुढे हेच गृहस्थ मॅकडोनाल्ड्सच्या संचालक मंडळावर गेले आणि बटाट्याच्या तळलेल्या फोडींची मोठी मापे तेथे आली. तिकडे दुसऱ्यांदा मागण्याची लाज होती. आपल्याकडे दुसऱ्यांदा नाकारण्याची लाज आहे. पंगतीत बट्टीची परात घेऊन येणारा मुलगा ताटावर हात आडवा धरलेला पाहूनही 'ल्या ना भाऊ, आखो एक ल्या' म्हणतो आणि हाताच्या बोटांमधून बट्टी ताटात सोडतो. वरून तुपाची धार येते. त्यानंतर दुसरा संस्कार उभा राहतो, की ताटात टाकायचे नाही, अन्न हे पूर्णब्रह्म. हे दोन्ही संस्कार वेगवेगळे घेतले तर चांगलेच आहेत: पाहुण्याला उपाशी उठू देऊ नये आणि अन्न वाया घालवू नये. पण एकत्र आले की जेवणाऱ्याला सुटकाच उरत नाही. वाढणारा थांबत नाही आणि जेवणाऱ्याला टाकता येत नाही.

बुफे आल्याने हा आग्रह संपेल असे वाटले होते. झाले उलटेच. पंगतीत निदान वरण-बट्टी, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची आणि वांग्याची भाजी एवढेच असे. आता तीस पदार्थांच्या रांगेतून माणूस थाळी भरत जातो, आणि विविधता वाढली की खाणे वाढते हेही आहारशास्त्राला चांगले माहीत आहे.

घरातल्या बाईची गोष्ट आणखी वेगळी आहे. ती सर्वांत शेवटी जेवते आणि तिचे माप तिची भूक ठरवत नाही, पातेल्यात उरलेले ठरवते. अर्धी पोळी उरली, मुलाने वाटीत भात टाकला, रात्रीची खिचडी शिल्लक आहे; हे सगळे 'वाया कशाला' म्हणून तिच्या पोटात जाते. ज्या दिवशी काही उरत नाही त्या दिवशी ती चहा-बिस्किटावर भागवते. तिच्या दोन्ही बाजूंनी माप हुकलेले असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 2015-16 मध्ये देशातल्या 20.6 टक्के स्त्रिया जादा वजनाच्या किंवा स्थूल होत्या. 2019-21 मध्ये हे प्रमाण 24 टक्के झाले. पुरुषांमध्ये ते 18.9 वरून 22.9 टक्क्यांवर गेले. गुडघेदुखीने उठता-बसता 'आई गं' म्हणणाऱ्या पन्नाशीच्या बायका प्रत्येक गल्लीत आहेत. शरीराचे एक किलो वजन कमी झाले तर चालताना गुडघ्यावर पडणारा भार प्रत्येक पावलाला सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे संशोधन सांगते. त्या बाईला गुडघ्याचा पट्टा आणि गोळ्या मिळतात. उरलेले अन्न संपवणे हे तुझे काम नाही, असे मात्र घरातले कोणी तिला सांगत नाही.

आणि मुले. रोल्स यांच्याच 2000 सालच्या एका अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांपुढे कितीही मोठे माप ठेवले तरी ती आपल्या भुकेइतकेच खात होती. पाच वर्षांची मुले मात्र मोठे माप समोर आले की जास्त खात होती. म्हणजे थांबण्याची उपजत जाण आपल्याला असते आणि शाळेत जाण्याच्या वयापर्यंत ती बुजू लागते. एक घास चिऊचा आणि एक घास काऊचा भरवताना माया असते यात शंका नाही, पण मान फिरवलेल्या लेकराच्या तोंडात मोबाइल दाखवून घास कोंबणे ही त्या जाणिवेवर केलेली जबरदस्ती आहे, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

मधुमेहाच्या बाबतीत तर मापाकडे झालेले दुर्लक्ष फार महाग पडते आहे. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13.6 कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्याकडे मधुमेह निघाला की पहिल्यांदा चहातली साखर बंद होते आणि गव्हाची पोळी जाऊन ज्वारीची भाकरी येते. दोन्ही चांगले. पण 'ज्वारी साखर वाढवत नाही' या भरवशावर दोनाच्या तीन भाकऱ्या होतात, 'कळण्याची आहे, त्यात उडीद आहे' म्हणून चौथीही होते. ज्वारीच्या पिठाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग पिष्टमयच असतो. भाकरीमुळे साखर थोडी सावकाश चढेल, परंतु शेवटी किती चढणार हे किती खाल्ले यावरच ठरते. माझ्या वडिलांनी अकरा वर्षे साखरेचा कण तोंडात घातला नाही आणि त्यांची रक्तशर्करा कधीच आटोक्यात आली नाही. तपासणीच्या प्रत्येक खेपेला त्यांना काय खाता हे विचारले गेले; किती खाता हे पहिल्यांदा विचारले गेले तेव्हा त्यांचे डोळे अधू झाले होते.

यावर कोणी म्हणेल, ज्या खानदेशात धडगाव आणि अक्कलकुव्याच्या पाड्यांवर कुपोषित बालके आहेत, तेथे जास्त खाण्याची चिंता करणे ही भरल्या पोटाची चैन आहे. मला हा आक्षेप सर्वांत गंभीर वाटतो आणि त्याचे उत्तर महाराष्ट्रातच सापडले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले की आपल्याकडची कमी वजनाची बाळे दिसायला हडकुळी असली तरी त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त असते. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचे आणि जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले गेले. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, 22.3 होता, पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के होती. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा 25 ऐवजी 23 वर धरतात आणि कमरेचा घेर पुरुषांत 90 व स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगतात. पोटात असताना उपाशी राहिलेले बाळ मोठे होऊन धुळ्याला किंवा सुरतेला कामाला गेले, खोलीवर राहून हॉटेलचे जेवू लागले, तर त्याच मोठ्या मापाचा फटका त्याला इतरांपेक्षा लवकर आणि जोरात बसतो. सातपुड्यातली उपासमार आणि तापीकाठची स्थूलता यांचे नाते असे जवळचे आहे. एकाच्या ताटात घालायचे आहे आणि दुसऱ्याच्या ताटात घालणे थांबवायचे आहे, आणि दोन्हीसाठी कोणाला किती लागते हे मोजण्याची तयारी हवी.

आणि मोजणे शासनाला अनोळखी नाही. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलासाठी 100 ग्रॅम धान्य, 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलासाठी 150 ग्रॅम धान्य, 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिने असे माप ठरलेले आहे. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी 2015 पासून अमृत आहार योजना आहे, तिच्यातही ताटात काय असावे हे लिहिलेले आहे. गरिबाच्या ताटातला प्रत्येक ग्रॅम कागदावर आहे. हॉटेलातल्या 'एक प्लेट' या शब्दाला मात्र काहीच अर्थ ठरलेला नाही. वैध मापन विभाग दुकानदाराने माल कमी दिला का ते पाहतो, आणि ते पाहायलाच हवे. शिजवलेल्या अन्नाची एक प्लेट म्हणजे किती, हे मात्र गिऱ्हाईकाला कोणीच सांगत नाही. 2022 पासून दहा किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांना पदार्थांच्या यादीत कॅलरी आणि वाढपाचे माप छापणे बंधनकारक झाले, पण महामार्गावरचे आपले धाबे आणि खानावळी त्या नियमाच्या बाहेरच आहेत.

सक्तीचा कायदा करा, असे मी म्हणत नाही. न्यूयॉर्कच्या महापौरांनी 2012 मध्ये 16 औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे 473 मिलिलिटरपेक्षा, मोठ्या पेल्यातून गोड पेये विकण्यावर बंदी आणायचे ठरवले, आणि 2014 पर्यंत न्यायालयांनी ती मोडीत काढली. आपल्याकडे 2017 मध्ये केंद्रीय मंत्री रामविलास पासवान यांनी हॉटेलांतल्या वाढपाचे माप ठरवण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा सरकार आता घासही मोजणार का, अशी टीका झाली आणि ती कल्पना मागे पडली. लोकांचा राग मी समजू शकतो. कोणी माझ्या ताटातून काढून घेत असेल तर मलाही राग येईल. म्हणून मागणी उलट्या बाजूने केली पाहिजे. मोठ्या प्लेटवर बंदी नको. लहान प्लेट मिळण्याची हमी हवी. प्रत्येक खाद्यपदार्थाच्या यादीत अर्धे माप असावे, त्याची किंमत लिहिलेली असावी आणि दोन्ही मापांत साधारण किती ग्रॅम अन्न येते तेही लिहावे. महामार्गावरच्या धाब्यांपासून बाजार समितीच्या आणि बसस्थानकाच्या उपाहारगृहांपर्यंत हे सुरू करता येईल, आणि सरकारी जागेत चालणाऱ्या उपाहारगृहांना करारात ही अट घालायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.

किमतीची अडचण खरी आहे. अर्ध्या हंडीला भाडे, गॅस, मजुरी पूर्ण हंडीइतकीच लागते. अन्नाचा खर्च त्यात थोडा असतो. म्हणूनच विकणाऱ्याला माप वाढवणे स्वस्त पडते आणि कमी करणे महाग. अर्ध्या प्लेटची किंमत निम्मी नसेल, साठ-पासष्ट टक्के असेल, हे गिऱ्हाईकानेही मान्य करायला हवे. गंमत अशी की पाकीटबंद मालात याच्या उलट घडले आहे. पाच रुपयांची किंमत टिकवण्यासाठी बिस्किटाचा पुडा वर्षानुवर्षे लहान होत गेला. पण थंड पेयांची 200 मिलिलिटरची काचेची बाटली मागे पडून घराघरांत दोन लिटरची आली. शंभर मिलिलिटरला दहा ते अकरा ग्रॅम साखर धरली तर त्या एका बाटलीत दोनशे ग्रॅमहून जास्त साखर असते, आणि पाहुणे आले की ती उघडलेली बाटली संपवावीच लागते, कारण गॅस जातो.

लग्नकार्यात तर खर्चाचाही प्रश्न नाही. मागच्या वैशाखात आमच्या घरच्या लग्नात आम्ही दोनच गोष्टी केल्या. बट्टी आधीच अर्धी चिरून परातीत ठेवली आणि वाढणाऱ्या मुलांना सांगितले की हात आडवा दिसला की पुढे जायचे, दुसऱ्यांदा फक्त विचारायचे. मोठ्या काकूंना ते आवडले नाही. पाहुण्यांना वाटेल आपण हात आखडता घेतला, असे त्या दोन दिवस म्हणत होत्या. पंगत उठल्यावर पत्रावळींत टाकलेले अन्न गोळा केले तेव्हा ते दोन घमेल्यांत मावले. आदल्या वर्षी पुतणीच्या लग्नात सात घमेली भरली होती. बट्टी कमी पडली म्हणून कोणीही तक्रार केली नाही. ज्यांना चार हव्या होत्या त्यांनी चार घेतल्याच.

धुळ्याच्या अलीकडे महामार्गावर मी नेहमी थांबतो त्या धाब्यावर मालकाने दोन वर्षांपूर्वी भिंतीवरच्या फळ्यावर रंगाने 'अर्धी शेवभाजी मिळेल' असे लिहून घेतले आहे. ते मी सुचवले नव्हते, त्यांनीच केले, कारण टाकलेल्या भाजीने त्यांची मोरी तुंबत होती. अर्धी कोण मागते, असे मी विचारले. ट्रकवाले कधीच मागत नाहीत, असे ते म्हणाले. म्हातारी माणसे मागतात, आणि बाया फळा वाचतात, नवऱ्याकडे पाहतात, आणि मग मागतात.